माल्टा येथील लष्करी इस्पितळें आणि धारोष्ण दूध

ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तकासाठीं कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी चालकमंडळींची आम्हांस आज्ञा झाली. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास अधिकारी हातांनीं या पुस्तकांत अन्यत्र लिहिला जातच आहे. त्याची पुनरुक्ति टाळून आम्ही वाचकांस थोडें दूर, भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटावर घेऊन जाणार आहों.

हें बेट आमच्या वाचकांस अगदींच परकें नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत संत पौलाचें गलबत फुटून तो व त्याचे सोबती ज्या किनाऱ्यास लागले, तें हेंच माल्टा. तेथील प्रमुख जो पुब्लियुस, त्याचा पिता ताप व अतिसार यांनीं अंथरुणास खिळला होता. संत पौलानें प्रार्थना करून त्याच्यावर हात ठेविले व तो बरा झाला. वृत्तांत लिहिणारा संत लूक स्वतः वैद्य, म्हणून रोगाची नोंद करावयास तो विसरला नाहीं. तो ताप कोणत्या जातीचा होता, याविषयीं पंडितांनीं पुष्कळ तर्क केले आहेत. आम्ही त्यांत पडत नाहीं. मात्र त्यानंतर अठराशें वर्षांनीं त्याच बेटावरील एका तापानें तेथील ब्रिटिश लष्करी इस्पितळांस जेरीस आणलें. त्यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, रोगी दुसऱ्याच कांहीं दुखण्यासाठीं इस्पितळांत येई आणि हा ताप घेऊन बसे. तो ताप त्याला कोण देत होतें, याचीच ही हकीकत आहे.

प्रथम इमारतीविषयीं. चक्रवर्ती पांचव्या चार्लसनें १५३० सालीं माल्टा बेट सेंट जॉनच्या नाइट मंडळास दिलें. हे नाइट म्हणजे व्रतस्थ योद्धे. एका हातीं तलवार, पण त्यांचें मूळ व्रत रुग्णसेवेचें. १५६५ चा तुर्कांचा वेढा मोडून काढल्यावर त्यांनीं व्हॅलेटा हें नवें शहर वसविलें, आणि १५७४ सालीं तेथें बंदराच्या मुखाशीं एक मोठें इस्पितळ बांधावयास घेतलें. त्याचें नांव ‘साक्रा इन्फेर्मेरिया’, म्हणजे पवित्र रुग्णालय. त्यांतील मुख्य दालन सुमारें ५०० फूट लांब. त्या काळीं एवढें लांब दालन युरोपांत क्वचितच असेल. रोग्यांस जेवण चांदीच्या ताटांतून वाढीत. यांत डामडौल होताच, पण चांदी स्वच्छ राहते हाहि विचार होता. नाइटांनीं पाळीपाळीनें येऊन स्वतःच्या हातांनीं रोग्यांस वाढावें, असा दंडक होता. उंच कुळांतील तरुण सरदार हातांत ताट घेऊन एखाद्या खलाशाच्या खाटेजवळ उभा आहे, हें चित्र आमच्या डोळ्यांपुढें पुष्कळदां येतें. १६७६ सालीं याच इस्पितळांत महाप्रमुख निकोलस कोटोनर यानें शरीरशास्त्र व शस्त्रक्रिया यांची पाठशाळा काढली. तिच्यांतूनच पुढें माल्टाच्या विश्वविद्यालयाची वैद्यकशाखा वाढली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

१७९८ सालीं नेपोलियननें बेट घेतलें, नाइटांस हांकलून दिलें आणि इस्पितळ आपल्या सैन्याच्या उपयोगास लाविलें. रोग्यांची चांदीचीं ताटें वितळविण्यांत आलीं. माल्टाच्या लोकांनीं त्याच वर्षीं फ्रेंचांविरुद्ध बंड केलें, इंग्रजांची मदत मागितली, आणि १८०० सालीं फ्रेंच शरण आल्यावर इंग्रज तेथें जे राहिले ते राहिलेच. पवित्र रुग्णालय आतां ब्रिटिश शिबंदीचें इस्पितळ झालें. आरमाराच्या खलाशांसाठीं १८३२ सालीं समोरच्या किनाऱ्यावर बिघी येथें निराळें इस्पितळ निघालें. हिंदुस्थानच्या वाटेवरील हें मोक्याचें ठाणें. सुएझचा कालवा झाल्यावर तर त्याचें महत्त्व शतगुणित झालें. १८७८ सालीं रशियाशीं युद्ध जुंपतें कीं काय असें वाटल्यावरून आपल्या मुंबई बंदरांतून सुमारें सात हजार हिंदी शिपाई जहाजांत घालून माल्टास नेले होते, आणि त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीहि होत्या. लढाई झाली नाहीं. ते परत आले.

त्या शिबंदीस तापाची कीड लागली होती. हा ताप विषमज्वरासारखा वाटे, पण विषमज्वर नव्हे. हिंवतापासारखा वाटे, पण कोयनेलास दाद देत नसे. एक आठवडा चढे, हळूहळू उतरे, रोग्यास वाटे सुटलों. चार दिवसांनीं पुन्हां चढे. रात्रीं घामानें अंथरूण भिजून जाई, सांधे धरत, कंबर धरे, मन खचे. मॅथ्यू लुइस ह्यूज या लष्करी वैद्यानें १८९७ सालीं या तापावर ग्रंथ लिहून त्यास ‘तरंगी ताप’ असें नांव दिलें, तें यथार्थ आहे. समुद्राच्या लाटांसारखाच तो येई नि जाई. (हा गुणी वैद्य दोनच वर्षांनीं दक्षिण आफ्रिकेंत कोलेन्सो येथें युद्धांत मारला गेला.) मृत्यु फार नसत, शेंकडा दोन-तीन. परंतु जगणारा माणूस तीन-तीन महिने खाटेवर पडून राही, आणि शेवटीं निरुपयोगी म्हणून त्यास विलायतेस परत धाडावें लागे.

१८८४ सालीं डेव्हिड ब्रूस नांवाचा तरुण लष्करी वैद्य माल्टास आला. याचा जन्म ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील. बरोबर नवपरिणीत पत्नी मेरी होती. चित्रकला जाणणारी, चिकाटीची, आणि नवऱ्याच्या प्रयोगांत बरोबरीनें खपणारी. व्हॅलेटाच्या इस्पितळांत या तापानें मेलेल्या शिपायांच्या प्लीहेंत ब्रूस यास १८८६ च्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक बिंदूंसारखे जंतु दिसले. दुसऱ्या वर्षीं ते जंतु त्यानें शरीराबाहेर वाढवूनहि दाखविले. या वाढविण्याच्या कामीं माल्टाचाच एक वैद्य, ज्युझेप्पे कारुआना शिक्लुना, याचें साहाय्य त्यास झालें. ही बातमी १८८७ सालीं प्रसिद्ध झाली. रोगाचें कारण सांपडलें. पण तें माणसाच्या शरीरांत शिरतें कोठून, हा प्रश्न तसाच राहिला, आणि १८८९ सालीं ब्रूस बेट सोडून गेला.

तो प्रश्न पुढें अठरा वर्षें सुटला नाहीं. त्या काळच्या विद्वानांची बहुतेक नजर गटारांवर होती. दुर्गंधि तेथें रोग, हा सिद्धांत त्यांच्या मनांत इतका घट्ट बसला होता कीं, इस्पितळाची जमीन उकरा, नळ बदला, वारा खेळवा, यांतच पैसा व श्रम खर्ची पडत. स्वच्छता वाढली हें चांगलेंच झालें, पण ताप हटला नाहीं. बिघीच्या इस्पितळांत पाय मोडून आलेला खलाशी तापानें फणफणूं लागे. सेवा करणाऱ्या परिचारिका आजारी पडत. शिपायांपेक्षां अधिकारी अधिक आजारी पडत, हें तर सर्वांत मोठें कोडें. कारण अधिकाऱ्यांचे बंगले स्वच्छ, त्यांचें अन्न उंची. गटारांचा सिद्धांत खरा असता, तर उलट घडावयास हवें होतें.

शेवटीं युद्धखातें, आरमारखातें व माल्टाचें सरकार यांच्या विनंतीवरून लंडनच्या रॉयल सोसायटीनें १९०४ सालीं एक चौकशीमंडळ नेमलें. अध्यक्ष ब्रूस. प्रत्यक्ष बेटावर काम करणाऱ्यांत लष्करातर्फे मेजर हॉरॉक्स, आरमारातर्फे शॉ, आणि स्थानिक सरकारातर्फे डॉक्टर थेमिस्टोक्लीस झम्मित. झम्मित यांचा जन्म १८६४ सालचा, व्हॅलेटा येथील. शिक्षण माल्टाच्या विश्वविद्यालयांत, म्हणजे नाइटांच्या इस्पितळांतून उगम पावलेल्या त्याच विद्येच्या झऱ्यावर. मंडळानें धूळ तपासली, समुद्राचें पाणी तपासलें, डांस तपासले. यांपैकीं कशानेंहि उलगडा होईना.

आतां शेळीविषयीं सांगितलें पाहिजे. माल्टा हें उघडेंबोडकें, खडकाळ बेट. गायीस पुरेल असें कुरण तेथें नाहीं. म्हणून दूध तें शेळीचें. बेटावर शेळ्या हजारोंनीं होत्या. गवळी सकाळीं आपला कळप घेऊन शहरांत येई आणि दारोदार फिरे. गिऱ्हाईक भांडें घेऊन बाहेर आलें कीं त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. वरच्या मजल्यावरील गिऱ्हाइकासाठीं शेळीस जिन्यानें वर नेई. दुधांत पाणी घातलेलें नाहीं याची याहून उत्तम खात्री ती कोणती! असें धारोष्ण दूध सर्वांत पौष्टिक, अशी समजूत. आपल्याकडेहि धारोष्ण दुधाची थोरवी वैद्य सांगत आले आहेत. फरक एवढाच कीं, आपल्या घरांत दुधास ऊत आल्यावांचून तें सहसा कोणाच्या ओठीं लागत नाहीं. आमच्या मातोश्री दूध चुलीवर असतां उंबऱ्यावर कोणी आलें तरी उठत नसत. तें उतूं जाईल ही त्यांची भीति. त्या चुलीनें आमचें आणखी कशापासून रक्षण केलें, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

शेळ्यांवर मंडळाचा संशय नव्हता, कारण त्या दिसावयास धडधाकट होत्या. १९०५ च्या जून महिन्यांत झम्मित यांनीं प्रयोगासाठीं सहा शेळ्या विकत आणविल्या. जंतु टोंचण्यापूर्वीं त्यांचें रक्त तपासून पाहावें, असें त्यांच्या मनांत आलें. त्यासाठीं एक सुलभ कसोटी १८९७ पासून उपलब्ध होती: ज्या प्राण्यास हा रोग झाला आहे, त्याचा रक्तरस जंतूंच्या पाण्यांत मिसळला कीं जंतु एकमेकांस चिकटून गोळा होतात. झम्मित यांनीं सहा शेळ्यांचें रक्त तपासलें. सहांपैकीं पांचांच्या रक्तानें जंतु गोळा झाले. ज्यांना रोग द्यावयाचा होता त्यांच्यापाशीं तो आधींच होता. लवकरच हॉरॉक्स यांस दुधांतहि जंतु सांपडले. नंतर कळपचे कळप तपासले तेव्हां आढळून आलें कीं, निम्म्याच्या आसपास शेळ्यांस हा रोग होऊन गेला आहे, आणि सुमारें दहांत एक शेळी दुधावाटे जंतु बाहेर टाकीत आहे. ती चरते, रवंथ करते, करडांस पाजते. तिला कसलाहि त्रास दिसत नाहीं.

एका क्षणांत सर्व कोडीं सुटलीं. अधिकारी अधिक आजारी कां? ते दूध अधिक पीत. परिचारिका आजारी कां? इस्पितळांत दुधाची मुबलकता. आणि पाय मोडलेल्या खलाशास ताप कां? दुबळ्या रोग्यास शक्ति यावी म्हणून इस्पितळच त्याच्या उशाशीं दुधाचा पेला ठेवीत होतें! ज्यास ताप आलेला, त्यास तर आणखी दूध. कारण तापांत दुसरें कांहीं पचत नाहीं. ज्या घरांत एके काळीं नाइटांनीं चांदीच्या ताटांतून रोग्यांस वाढलें, त्याच घरांत सद्‌हेतूनें, मोठ्या काळजीनें, रोजच्या रोज रोग वाढला जात होता. आम्ही जेव्हां जेव्हां हा प्रसंग वाचतों, तेव्हां तेव्हां त्या परिचारिकांचा विचार मनांत येतो. त्यांच्याकडे दोष रतिभरहि नाहीं. पण पेला भरणारा हात त्यांचाच होता, आणि १९०५ नंतर त्यांपैकीं कित्येकींस हें कळलेंहि असेल.

याच सुमारास समुद्रावर एक प्रयोग कोणीं न ठरवितां घडून आला. अमेरिकेच्या शेतकीखात्यासाठीं माल्टाच्या साठाहून अधिक शेळ्या विकत घेऊन ‘जोशुआ निकल्सन’ या आगबोटीवर चढविल्या होत्या. ऑगस्ट १९०५ मध्यें बोट निघाली. वाटेंत खलाशांनीं यथेच्छ दूध प्यालें, आणि पुढें त्यांतील बहुतेक दूध पिणारे तापानें आजारी पडले.

१९०६ च्या उन्हाळ्यांत लष्कर व आरमार यांच्या भोजनांतून शेळीचें दूध काढून टाकण्यांत आलें व त्याऐवजीं डब्यांतलें आटीव दूध देण्यांत येऊं लागलें. १९०५ सालीं शिबंदींतील सहाशेंहून अधिक लोक या तापानें आजारी पडले होते. १९०७ सालीं ती संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. बांधकाम नाहीं, औषध नाहीं, लस नाहीं. एक पेला बदलला. वैद्यकाच्या इतिहासांत इतका झटपट विजय विरळा, आणि ग्रंथांतून त्याचें वर्णनहि याच जागीं थांबतें.

परंतु बेटावर शिबंदीखेरीज दोन लाखांहून अधिक माणसें राहत होतीं. त्यांचें काय झालें?

त्यांचें दूध तेंच राहिलें. शिपायास हुकूम करून दूध बंद करतां येतें. शेतकऱ्याच्या घरीं शेळी हीच मिळकत, तिचें दूध हेंच लेंकरांचें अन्न. लोकांस हा शोध पटेना. आमचे वाडवडील हेंच दूध पिऊन ऐंशी वर्षें जगले, मग ही धडधाकट शेळी विषारी कशी? हा प्रश्न त्यांनीं विचारला, आणि तो विचारणाऱ्यांस मूर्ख म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. दूध तापविण्याची त्यांस संवय नव्हती. बेटावर झाडी विरळ, तेव्हां सरपणाचीहि चणचण. डब्यांतलें दूध विकत घेणें गरिबाच्या आवांक्याबाहेर. कळपांतील रोगी शेळ्या माराव्या, तर मालकास भरपाई द्यावी लागणार, आणि त्या खर्चास सरकार कचरलें. परिणाम असा झाला कीं, लष्करी इस्पितळांतून ताप जवळजवळ नाहींसा झाल्यावर पुढें कित्येक वर्षें माल्टाच्या नागरिकांत दरसाल शेंकडों माणसें त्याच तापानें पडत राहिलीं. शोध लागला १९०५ सालीं. दूध यंत्रानें तापवून निर्जंतुक करण्याचें केंद्र बेटावर निघालें १९३८ सालीं. मधलीं तेहतीस वर्षें कोणाच्या हिशेबीं लिहावीं? ज्या चौकशीस सैन्याची निकड कारण झाली, तिचें फळ सैन्यास आधीं मिळालें, हें समजण्यासारखें आहे. ज्या माणसानें शेळ्यांचें रक्त तपासलें त्याच्याच देशबांधवांस तें सर्वांच्या शेवटीं मिळावें, हें मात्र आम्हांस मुकाट्यानें लिहवत नाहीं.

श्रेयाच्या बाबतींतहि कांहींसें असेंच झालें. ब्रूस यांची कीर्ति जगभर झाली. आफ्रिकेंतील गुरांच्या व माणसांच्या रोगांवरहि त्यांनीं मोठें काम केलें, आणि १९२० सालीं या जंतूंच्या वर्गास ‘ब्रुसेला’ असें नांव मिळालें. त्यांची योग्यता आम्ही तिळमात्र कमी करीत नाहीं. त्यांनीं झम्मित यांचें ऋण पुरेशा स्पष्टपणें मान्य केलें नाहीं, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे व तो आम्हांस रास्त वाटतो. त्यांच्या आयुष्याचा शेवट मात्र हृदयस्पर्शी झाला. नोव्हेंबर १९३१ मध्यें लेडी मेरी ब्रूस निवर्तल्या, आणि चारच दिवसांनीं, त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना चालू असतां, ब्रूस यांनींहि प्राण सोडला.

झम्मित यांनीं श्रेयासाठीं भांडण केल्याचें दिसत नाहीं. त्यांस दुसरीं कामें पुष्कळ होतीं. माल्टाच्या पदार्थसंग्रहालयाचे ते पहिले संचालक. तार्शीन येथें शेतकऱ्यांच्या नांगरास मोठमोठे दगड अडत होते. तेथें १९१५ पासून त्यांनीं उत्खनन करून इतिहासपूर्व काळचीं पाषाणमंदिरें उजेडांत आणलीं. १९२० ते १९२६ पर्यंत ते विश्वविद्यालयाचे प्रमुख होते. १९३० सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. २ नोव्हेंबर १९३५ रोजीं, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, ते देवाघरीं गेले. दुधाचें केंद्र निघण्यास तेव्हां तीन वर्षें अवकाश होता.

इस्पितळांचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १९१४ च्या महायुद्धांत माल्टास ‘भूमध्य समुद्राची परिचारिका’ असें नांव पडलें. गॅलिपोली व सॅलोनिका येथील एक लाखाहून अधिक जखमी व आजारी सैनिक तेथें आणण्यांत आले; शाळा, बराकी, जेथें छप्पर मिळेल तेथें खाटा पडल्या. व्हॅलेटाचें जुनें इस्पितळ बंदराजवळ, म्हणून तेंहि गजबजून गेलें. युद्ध संपतांना, १९१८ सालीं, तें इस्पितळ म्हणून कायमचें बंद झालें. पुढें तेथें पोलिसांची कचेरी आली. दुसऱ्या महायुद्धांत बॉम्बगोळ्यांनीं इमारतीचा मोठा भाग ढासळला. १९७९ सालीं दुरुस्तीनंतर तेथें परिषदांचें सभागृह उघडलें, आणि नाइटांचें लांब दालन आज पाहुण्यांच्या मेजवान्यांस उपयोगी पडतें. बिघीचें आरमारी इस्पितळ १९७० सालीं बंद झालें.

तिसरें इस्पितळ मतार्फा टेकडीवरचें. त्याची नवी इमारत १९१५ सालीं बांधावयास घेऊन १९२० सालीं पुरी झाली, आणि तिला पुढें डेव्हिड ब्रूस यांचें नांव देण्यांत आलें. १९४२ च्या भयंकर बॉम्बवर्षावांत, ज्या वर्षीं राजानें सबंध बेटास जॉर्ज क्रॉस दिला, त्या काळीं येथें ९० वें जनरल हॉस्पिटल चालू होतें. माल्टा १९६४ सालीं स्वतंत्र झाला. ३१ मार्च १९७९ रोजीं शेवटचें ब्रिटिश सैन्य बेट सोडून गेलें, आणि त्याच सुमारास हें इस्पितळहि मिटलें. त्या इमारतींत पुढें शाळा भरूं लागली.

या टेकडीच्या समोर, मधली दरी ओलांडली कीं, मदिना हें जुनें तटबंदीचें शहर आहे. त्यांत संत पौलाचें प्रधानमंदिर उभें आहे, आणि तेथील भाविकांची परंपरा अशी कीं, तें मंदिर पुब्लियुसाच्या वाड्याच्या जागेवर बांधलेलें आहे. त्याचा तापानें फणफणलेला वृद्ध पिता जेथें खाटेवर पडला होता, तीच ती जागा. मतार्फाच्या टेकडीवरून तिचा घुमट समोर दिसतो.